मोठा निर्णय समोर येण्याआधी: व्यवसायासाठी व्यूहात्मक नियोजन, पायरीपायरीने

मोठे निर्णय सांगून येत नाहीत. एखादा मोठा ग्राहक अचानक भरपूर माल मागतो, पण दर कमी करायला सांगतो. एखादा भागीदार बाहेर पडायचं म्हणतो. शेजारची जागा रिकामी होते आणि मालक दोन दिवसांत उत्तर मागतो. अशा वेळी सगळा विचार पहिल्यापासून करायला वेळ नसतो, मग माणूस मनाच्या कौलावर किंवा समोरच्याच्या घाईवर निर्णय घेतो. व्यूहात्मक नियोजनाचा खरा उपयोग इथे आहे. येत्या तीन ते पाच वर्षांत आपण कुणासाठी काय करणार, कशाच्या जोरावर करणार आणि काय करणार नाही, हे शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवायचं. म्हणजे घाईच्या क्षणी निम्मा विचार झालेला असतो.

हे अंदाजपत्रक नव्हे. पुढच्या वर्षी कुठे किती खर्च करायचा ते अंदाजपत्रक सांगतं. तो खर्च मुळात त्या दिशेने करायचा का, हे व्यूहात्मक नियोजन सांगतं. मी या प्रक्रियेतून गेलो आहे आणि इतरांनाही त्यात बसवलं आहे. नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: आराखडा तयार होतो, पण निर्णयाच्या वेळी तो कुणी उघडत नाही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावा, यातून पुढचा निर्णय सोपा होणार आहे का? होणार नसेल तर ते काम सोडून द्या.

आधी हे गोळा करा

बैठकीला बसण्याआधी पुढची कागदपत्रं हाताशी हवीत. ती नसतील तर बैठक पुढे ढकला. आकड्यांशिवाय झालेल्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा, त्याचंच म्हणणं ठरतं.

- गेल्या तीन वर्षांचं नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद
- पुढच्या बारा महिन्यांचा रोख प्रवाहाचा तक्ता, महिनावार
- येणी-देणी यादी; प्रत्येक येणं किती दिवसांपासून थकलं आहे त्यासह
- ग्राहकवार विक्री, मोठ्याकडून लहानाकडे लावलेली
- उत्पादनवार किंवा सेवावार विक्री किंमत आणि थेट खर्च
- कर्जाचे हप्ते, भाडेकरार, पुरवठ्याचे करार, आणि त्यांच्या मुदती
- गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेले ग्राहक, आणि शक्य असेल तिथे त्यांनी सांगितलेलं कारण

साधनं म्हणाल तर एक स्प्रेडशीट आणि एक वही पुरते. ही वही म्हणजे निर्णयवही. तिचं काम पुढे येईल, पण आजच वेगळी काढून ठेवा.

१. कोणत्या निर्णयासाठी एवढा खटाटोप करायचा ते ठरवा

प्रत्येक निर्णय नियोजनाच्या चाळणीतून घालायला गेलात तर धंदा ठप्प होईल. जेफ बेझोस यांनी अ‍ॅमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही दारं एकाच बाजूने उघडतात, एकदा आत गेलं की परत येणं फार अवघड असतं. काही दारं दोन्ही बाजूंनी उघडतात, पटलं नाही तर मागे फिरता येतं. ही विभागणी लहानातल्या लहान व्यवसायालाही लागू पडते.

नवी छापील पत्रकं, संकेतस्थळाची मांडणी, एखाद्या वस्तूची महिन्याभराची चाचणी विक्री हे सगळं मागे घेता येतं. हे निर्णय झटपट घ्या आणि शक्यतो कामावरच्या माणसालाच घेऊ द्या. दीर्घ मुदतीचं कर्ज, भागीदारी, पाच वर्षांचा भाडेकरार, एखादं उत्पादन बंद करणं, एकाच ग्राहकासाठी घेतलेलं यंत्र, हे मात्र मागे घेता येत नाही. खालच्या पायऱ्या याच निर्णयांसाठी आहेत.

मी पाहिलेल्या बहुतेक व्यवसायांत हे नेमकं उलटं होतं. लोगोच्या रंगावर तीन बैठका होतात आणि कर्जाच्या कागदावर सही एका दुपारी होते. तुमच्या गेल्या वर्षातल्या निर्णयांची यादी काढून कशाला किती वेळ दिला ते एकदा पाहाच.

२. आज नेमके कुठे उभे आहात ते आकड्यांत मांडा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती उरकतात. माझं मत उलट आहे. एकूण नियोजनातला निम्मा फायदा इथेच होतो.

सर्वांत आधी प्रत्येक उत्पादनाचं अंशदान काढा. विक्री किमतीतून त्या नगावर थेट होणारा बदलता खर्च, म्हणजे कच्चा माल, मजुरी, वाहतूक, दलाली, वजा केला की जे उरतं ते अंशदान. भाडं, कायम पगार, व्याज असा स्थिर खर्च त्यातूनच भागतो आणि मग नफा उरतो.

एक हिशेब करून पाहू, तो पुढेही लागणार आहे. समजा एका नगाची किंमत १००, बदलता खर्च ६०. अंशदान ४०. महिन्याचा स्थिर खर्च ८०,०००. म्हणजे २,००० नग विकले की ना नफा ना तोटा. तुम्ही ३,००० नग विकता, म्हणजे महिन्याला ४०,००० नफा.

आता कुणी सुचवतं, दर दहा टक्के उतरवा, विक्री वाढेल. किंमत झाली ९०, पण खर्च ६०च राहिला, म्हणून अंशदान ४० वरून ३० वर आलं. तेवढाच नफा टिकवायला आता ४,००० नग विकावे लागतील. दरात दहा टक्के सूट दिली तर विक्री तेहतीस टक्के वाढायला हवी, आणि ती वाढल्यावर आपण होतो तिथेच राहणार. उलट दर दहा टक्के वाढवला तर अंशदान ५० होतं आणि २,४०० नगांतच तेवढा नफा मिळतो, म्हणजे वीस टक्के विक्री गमावूनही नफा कमी होत नाही. सूट द्यावी की न द्यावी, याचं उत्तर प्रत्येक व्यवसायात वेगळं येईल. पण हा हिशेब न करता सूट देऊ नये.

दुसरं, ग्राहकांची यादी वरून खाली वाचा. पहिल्या तिघांचा विक्रीत वाटा किती? त्यांतला मोठा उद्या गेला तर स्थिर खर्च किती महिने भागेल? तिसरं, कुणावाचून अडतं ते पाहा: ज्याचं काम दुसऱ्या कुणालाच येत नाही असा कामगार, एकच पुरवठादार, एकच यंत्र.

सावध राहा: एकूण नफ्याचा आकडा सगळं झाकतो. चार उत्पादनांपैकी दोन उत्पादनं उरलेल्या दोघांना पोसत असतात आणि हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. उत्पादनवार तक्ता केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. बाहेर काय बदलतंय ते पाहा, आणि त्याचा आपल्याशी संबंध जोडा

व्यवसायातल्या स्पर्धेचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेले पाच दबाव आजही चांगली प्रश्नावली म्हणून वापरता येतात: सध्याचे प्रतिस्पर्धी, नव्याने येऊ शकणारे, आपल्या वस्तूची गरजच संपवणारे पर्याय, ग्राहकांची दर पाडून घेण्याची ताकद आणि पुरवठादारांची दर वाढवण्याची ताकद. प्रत्येकावर चार ओळी लिहा, त्याहून जास्त नकोत.

बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असा चौकोनी तक्ता बहुतेक जण भरतात. भरायला हरकत नाही, पण त्यात ‘आमची गुणवत्ता उत्तम आहे’ असली वाक्यं लिहू नका. प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न ठेवा: मग आपण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर ओळ खोडा.

माहिती असणं आणि त्या माहितीवरून निवड करणं यांत किती अंतर असतं, हे फोटोच्या फिल्मसाठी प्रसिद्ध असलेल्या कोडॅककडे पाहून कळतं. कोडॅकचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कंपनीतच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. पुढे कंपनीने डिजिटलवर पैसाही लावला. तरी मोठी कमाई फिल्ममधून येत राहिली आणि कारभार त्याच कमाईभोवती बांधलेला राहिला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. त्याच संकटातून गेलेल्या फुजीफिल्मने वेगळा प्रश्न विचारला: फिल्म बनवताना आपल्याला नेमकं काय यायला लागलं? पातळ थरांचं रसायनशास्त्र, कोलॅजेनचा अभ्यास, रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखण्याचं तंत्र. त्या बळावर कंपनी एलसीडी पडद्यांसाठी लागणारी फिल्म, औषधं आणि त्वचेची प्रसाधनं यांत शिरली.

तुम्हीही हाच प्रश्न लिहून काढा. ‘आपण काय विकतो’ हा एक रकाना, ‘आपल्याला काय येतं’ हा दुसरा. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण व्यवसाय वळवायची वेळ आली की तोच कामी येतो.

४. निवड करा आणि ‘हे करणार नाही’ची यादी लिहा

इथवर माहिती गोळा झाली. आता खरं अवघड काम. ‘दर्जेदार सेवा देऊन आघाडीवर जायचं’ या वाक्याने कुठलाच निर्णय होत नाही, कारण त्यात काहीही सोडलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या वाक्याच्या उलट वाक्य एखादा शहाणा माणूस लिहू शकेल का, ते तपासा. ‘आम्ही मोजक्या ग्राहकांना जास्त दराने, पूर्ण सेवेसह माल देऊ’ याच्या उलट ‘आम्ही मोठ्या संख्येने, कमी दरात, सेवेशिवाय देऊ’ असं ठरवणारेही यशस्वी होतात. म्हणजे ही खरी निवड आहे.

सोडणं किती जड जातं याचं इंटेल हे मोठं उदाहरण आहे. १९६८ साली स्थापन झालेली ही कंपनी मेमरी चिपवर मोठी झाली. जपानी उत्पादकांशी टक्कर देताना त्याच मेमरीत तिला फटके बसू लागले. १९८५ साली कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं की, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले. कंपनी त्या मेमरी चिपमधून बाहेर पडली आणि मायक्रोप्रोसेसरवर एकवटली.

खेळणी बनवणाऱ्या लेगोचंही तसंच. २००४ साली योर्गन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख झाले तेव्हा कंपनी खोल तोट्यात होती आणि पसारा फार वाढला होता. करमणुकीच्या उद्यानांतला मोठा हिस्सा २००५ मध्ये विकला गेला आणि खेळण्यांच्या वेगवेगळ्या सुट्या भागांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली गेली. निवड कुठपर्यंत झिरपली पाहिजे ते यातून दिसतं: कोणता सुटा भाग साच्यात घालायचा, इथपर्यंत.

तुमची यादी एका पानावर बसली पाहिजे. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणता ग्राहक, कोणती गरज, आपलंच का घ्यावं याचं कारण, आणि काय करणार नाही. शेवटच्या भागात मर्यादा आकड्यांत लिहा. उदाहरणार्थ: कुठल्याही एका ग्राहकाचा वाटा विक्रीच्या वीस टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, साठ दिवसांहून जास्त उधारी नाही, ३० पेक्षा कमी अंशदानाचं काम घ्यायचं नाही. व्हिजन आणि मिशनची वाक्यं हवी असतील तर हे झाल्यावर लिहा. आधी लिहिलीत तर अख्खी बैठक शब्दांवरच जाते.

५. गृहीतकं लिहा; सर्वांत महत्त्वाची पायरी हीच

प्रत्येक आराखडा काही न बोललेल्या गोष्टींवर उभा असतो. कच्च्या मालाचा दर फारसा वाढणार नाही. अमुक कर्मचारी टिकेल. ग्राहक दरवाढ सोसेल. व्याजदर असाच राहील. लोक निर्णयावर वाद घालतात तेव्हा बहुतेक वेळा वाद निर्णयाचा नसतोच, दोघांची गृहीतकं वेगळी असतात. ती कागदावर आली की अर्धा वाद मिटतो आणि उरलेला मोजता येतो.

प्रत्येक गृहीतकापुढे चार रकाने करा: आज काय धरलं आहे, ते कुठे आणि कोण तपासणार, कधी तपासणार, आणि कोणत्या आकड्यावर ते मोडलं असं मानायचं. चौथा रकाना रिकामा सोडू नका. ‘माल महागला तर बघू’ आणि ‘बदलता खर्च ६६ च्या वर गेला तर दर फेरविचारात घ्यायचा’ यांत फार फरक आहे. पहिलं वाक्य लिहिणारा खर्च ७२ होईपर्यंत बघतच बसतो.

मग दोन-तीन चित्रं रंगवा. भाकीत करायचं नाही. यातलं कुठलंही घडू शकतं असं मानून, घडलं तर आपण काय करू ते लिहायचं. शेल या तेल कंपनीत पिएर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी चित्रं व्यवस्थापकांपुढे ठेवली होती. तेल स्वस्त आणि मुबलकच राहील हे गृहीतक मोडलं तर काय, हा प्रश्न त्यात होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी लादली आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. शेलच्या लोकांना तो दिवस किंवा भाव आधी कळला होता असं नाही. पण अशा जगाचा विचार त्यांच्या डोक्यात एकदा होऊन गेला होता, म्हणून घडतंय ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

लहान व्यवसायाला तीन चित्रं पुरतात: सगळं बरं चाललं तर, विक्री पंचवीस टक्के घटली तर, आणि आपला सर्वांत मोठा आधार, मग तो ग्राहक असो, पुरवठादार असो वा माणूस, गेला तर. तिसरं चित्र लोक टाळतात. ते आधी करा.

६. सगळं रोखीत उतरवा

नफा आणि हातातली रोकड एक नव्हे, हे सगळे ऐकून असतात, पण हिशेब करून फार थोडे पाहतात. वरचाच व्यवसाय घेऊ. ३,००० नग १०० दराने विकतोय. एक मोठा ग्राहक येतो आणि म्हणतो, दरमहा १,००० नग द्या, दर ९०, पैसे नव्वद दिवसांनी. कागदावर नगामागे ३०, म्हणजे दरमहा ३०,००० जास्तीचा नफा. कुणालाही मोह होईल.

आता महिनावार मांडा. दरमहा ६०,००० खर्च आधी करायचा. पहिल्या महिन्याअखेरीस बिल दिलं तर पैसे चौथ्या महिन्याच्या अखेरीस येणार. तोपर्यंत चार महिन्यांचे मिळून २,४०,००० खिशातून गेलेले असतील. पुढे दरमहा ९०,००० येतात आणि ६०,००० जातात. हिशेब बरोबरीत येतो नवव्या महिन्याच्या अखेरीस. नफा दिसणाऱ्या कामासाठी नऊ महिने स्वतःचं किंवा उसनं खेळतं भांडवल गुंतणार. उसनं असेल तर व्याज त्या ३०,००० मधून वजा करा. आणि ग्राहकाने एकदा पैसे महिनाभर उशिरा दिले तर काय होतं, तेही त्याच तक्त्यात एक ओळ सरकवून पाहा.

सावध राहा: व्यवसाय मंदीत बुडतात तसे वाढतानाही बुडतात. ऑर्डर भरपूर, आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत. म्हणून वाढीच्या प्रत्येक बेतासोबत ‘खात्यात सर्वांत कमी रक्कम कोणत्या महिन्यात, किती’ हा आकडा मागा. तो सांगता येत नसेल तर बेत अजून तयार नाही.

७. निर्णय फसला असं मानून उलटं चाला

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्री-मॉर्टेम ही पद्धत सोपी आहे आणि तिला खर्च काहीच नाही. निर्णय जवळजवळ पक्का झाला की सगळ्यांना सांगायचं: वर्ष उलटलं आहे आणि हा निर्णय सपशेल फसला आहे, का फसला ते प्रत्येकाने दहा मिनिटं एकट्याने लिहायचं. मग एकेक कारण वाचायचं. ‘काही शंका आहे का?’ असं विचारलं की माणसं गप्प बसतात, कारण शंका काढणारा निरुत्साही ठरतो. फसलंच आहे असं धरल्यावर तीच माणसं मोकळेपणाने बोलतात. सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला आधी वाचू द्या आणि मालकाने शेवटी वाचावं. हा क्रम पाळाच.

वेळ आणि खर्चाच्या अंदाजाकडेही इथेच संशयाने पाहा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज कायम आशावादी बांधतो. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये, सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पुरं व्हायचं होतं. ते उघडलं १९७३ मध्ये आणि खर्च झाला १० कोटी २० लाख. यावर उपाय एकच आहे: आपल्या मनातल्या अंदाजाऐवजी तशाच आधीच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, ते शोधून तिथून सुरुवात करा.

८. आता निर्णय घ्या, आणि वहीत लिहा

मोठ्या ग्राहकाची ती ऑर्डर चौथ्या पायरीतल्या पानाशेजारी ठेवा. १,००० नग ९० दराने म्हणजे ९०,०००, एकूण विक्री ३,९०,०००. या ग्राहकाचा वाटा तेवीस टक्के झाला, आपली मर्यादा वीसची. उधारी नव्वद दिवस, आपली मर्यादा साठ. अंशदान ३०, मर्यादेवर बसतं. म्हणजे उत्तर सरसकट ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. वाटाघाटीत काय मागायचं ते स्पष्ट झालं: सुरुवातीला ७५० नग, उधारी साठ दिवस. वाटा साधारण साडेअठरा टक्क्यांवर येतो आणि गुंतणारी रक्कम २,४०,००० वरून १,३५,००० वर. नफा दरमहा २२,५००. कमी आहे, पण रात्रीची झोप उडणार नाही. ग्राहक ऐकत नसेल तर तेही लवकर कळलेलं बरं.

मर्यादा मोडायचीच असेल तर मोडता येते. मात्र ती का मोडली आणि कुणी मोडली, हे लिहून ठेवा. नियम गुपचूप मोडले जाऊ लागले की आराखडा मेला असं समजा.

निर्णयवहीत प्रत्येक मोठ्या निर्णयाला अर्धं पान पुरतं. तारीख, कोणते पर्याय होते, काय निवडलं आणि का, कोणत्या गृहीतकांवर, काय घडेल असं वाटतं, आणि कोणत्या खुणेवर थांबायचं. थांबण्याची खूण आत्ताच लिहायची, कारण पैसा गुंतल्यावर डोकं तटस्थ राहत नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ साली कॉंकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाचा करार केला. खर्च फुगत गेला, विकत घेणार असलेल्या बाहेरच्या विमान कंपन्या मागे हटल्या, तरी काम चालू राहिलं. अखेर प्रवासी सेवेत आली ती फक्त चौदा विमानं. ‘एवढं घातलंय, आता मागे कसं फिरायचं’ या विचाराला इंग्रजीत या विमानाचंच नाव पडलं आहे. गेलेला पैसा कुठल्याच पर्यायात परत येत नसतो, म्हणून प्रश्न फक्त पुढच्या पैशाचा विचारायचा.

निर्णयाचं मोल फक्त निकालावरून ठरवू नका. चांगला विचार करून घेतलेला निर्णयही कधी फसतो आणि डोळे झाकून घेतलेला कधी फळतो. विचार कसा होता हे वहीत लिहिलेलं असेल तरच दोन्ही वेगळे ओळखता येतात, नाहीतर स्मरणशक्ती निकाल पाहून कारणं बदलते.

९. आढावा: कधी, किती वेळ, कशावर

दर महिन्याला अर्धा तास फक्त रोकड आणि येणी. दर तिमाहीला दोन तास गृहीतकांचा तक्ता: कोणतं टिकलं, कोणतं मोडलं, कोणतं मोडायच्या बेतात आहे. वर्षातून एक पूर्ण दिवस निवडींवर, म्हणजे चौथ्या पायरीच्या पानावर. हे तीन आढावे एकमेकांत मिसळू नका. तिमाही बैठकीत निवडींवर चर्चा सुरू झाली की दर तीन महिन्यांनी दिशा बदलते आणि माणसं कुठलीच दिशा मनावर घेत नाहीत.

तरी एक दार उघडं ठेवा. होंडाने १९५९ साली अमेरिकेत पाऊल टाकलं तेव्हा मोठ्या मोटारसायकलींवर तिचा भर होता. त्या गाड्यांत बिघाड येऊ लागले. दरम्यान कंपनीची माणसं स्वतःच्या कामासाठी ५० सीसीची छोटी सुपर कब फिरवत होती आणि लोक तिचीच चौकशी करू लागले. कंपनीने तिकडे वळायचं ठरवलं आणि त्या बाजारात तिचा पाया तिथे घातला गेला. म्हणून तिमाही आढाव्यात एक कायमचा प्रश्न ठेवा: आपण न ठरवता काय चांगलं चाललं आहे? अनपेक्षित ग्राहक, अनपेक्षित वापर, न मागता आलेली मागणी. याची नोंद ठेवा आणि वार्षिक दिवशी त्यावर निर्णय घ्या.

अडखळायच्या आणखी काही जागा

सगळं नियोजन सल्लागारावर सोपवू नका. तो आकडे मांडून देईल, अवघड प्रश्न विचारेल, पण निवड त्याची असेल तर ती राबवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. दहा उद्दिष्टं ठेवू नका, वर्षाला तीन पुष्कळ झाली. प्रत्येक उद्दिष्टापुढे एकाच माणसाचं नाव हवं, ‘विक्री विभाग’ नको.

भागीदार किंवा घरातलीच माणसं एकत्र व्यवसाय करत असतील तर आणखी एक करा. पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाने वेगवेगळं लिहायचं: पाच वर्षांनी मला यातून काय हवं आहे, किती वेळ द्यायची तयारी आहे, किती जोखीम सोसेन. मग कागद एकमेकांना द्यायचे. एकाला वाढवायचं असतं आणि दुसऱ्याला हळूहळू बाहेर पडायचं असतं, हे बरेचदा अशा वेळीच पहिल्यांदा उघड होतं. ते उघड झालं तर बाकीच्या पायऱ्या थांबवून आधी त्याच प्रश्नाला बसा.

पहिल्या वेळेचं वेळापत्रक

एका दमात सगळं करायला जाऊ नका. पहिला आठवडा कागदपत्रं आणि अंशदानाचा तक्ता. दुसरा आठवडा ग्राहकांशी बोलण्यासाठी: पाच चालू आणि दोन सोडून गेलेले, प्रत्येकी वीस मिनिटं. ‘आम्ही कसे आहोत’ असं विचारलं तर गोड उत्तर मिळतं, म्हणून ‘गेल्या वेळी खरेदी करताना आणखी कुणाकुणाकडे पाहिलं होतं आणि कशावरून ठरवलं’ असं विचारा. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन बैठका घ्या, मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. पहिलीत बाहेरचं चित्र आणि निवडी, दुसरीत गृहीतकं आणि रोकड. चौथ्या आठवड्यात ते एक पान कामावरच्या दोघा-तिघांना वाचायला द्या आणि विचारा, यावरून उद्या तुम्ही कोणतं काम नाकाराल? उत्तर येत नसेल तर चौथी पायरी पुन्हा करा, आणि येत असेल तर पुढच्या तिमाही आढाव्याची तारीख तिथेच, सगळ्यांसमोर ठरवून पानावर लिहा.